मंदाताईंनी निवडलेला शब्द

मंदाताई गेल्याची बातमी मला खेरिटनं दिली. सकाळी मी रायस्वाइकच्या घरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि फोन वाजला. खेरिट डच माणूस, आणि माझं डच किती तोकडं आहे ते त्याला ठाऊक, त्यामुळे तो माझ्याशी नेहमीच एकेक शब्द सुटा करून बोलतो. त्या दिवशी तो इतका सावकाश बोलला की वाक्य पुरं व्हायच्या आधीच मला कळलं. "मेफ्राउ, तुमची स्खोनझुस..." एवढं म्हणून तो थांबला. मेफ्राउ म्हणजे बाईसाहेब, स्खोनझुस म्हणजे नणंद. जाऊही तीच, भावजयही तीच आणि मेहुणीही तीच. डच लोकांनी सगळ्यांना एकाच शब्दात बसवलं आहे. त्या शब्दाचे दोन तुकडे केले तर अर्थ निघतो स्वच्छ बहीण. मंदाताई त्यावरून मला चिडवायच्या, "बघ सुधा, ह्यांना नणंदेची किंमत कळते. आपल्या मराठीत नणंद म्हटलं की पाठोपाठ जाच आलाच." मी म्हणायची, "वन्सं, स्वच्छ बहीण म्हणजे केरवारे करणारी असेल हो!" फोन कानाला लावून उभी होते आणि मला तेच आठवत होतं.

त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मंदाताईंच्या हृदयाची तपासणी होती. खेरिट गाडी घेऊन दारात गेला, घंटा वाजवली, कुणी उघडेना. शेजारणीकडे किल्ली होती. मंदाताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या होत्या... अंगात कोट, गळ्याला मफलर, मांडीवर पर्स. निघायची सगळी तयारी करून त्या गेल्या. वेळेच्या आधी तयार होऊन बसायची त्यांची जन्माची सवय होती.

ईशान, रेवा, तुमच्यासाठी त्या आत्याआजी. मेलबर्नहून तुम्ही व्हिडिओवर बोलायचात तेव्हा तुमच्या बाबांचं मराठी व्याकरण सुधारणाऱ्या त्या. बातमी कळल्यावर तुम्ही मला विचारलंत की हा खेरिट कोण आणि तो आत्याआजीला गाडीतून का नेत होता. रेवा, तू तर सरळ विचारलंस, "वॉज ही हर बॉयफ्रेंड?" तुझे बाबा ओरडले तुला, पण मला त्या दिवसांतलं पहिलं हसू तेव्हा आलं. नव्हता गं. खेरिट विद्यापीठातला सुरक्षारक्षक होता. एकदा त्याच्याविरुद्ध तक्रार आली होती आणि ती तक्रार ज्या समितीपुढे गेली तिच्यात तुमची आत्याआजी होती. ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी नीट सांगायला हवी, म्हणून लिहिते आहे. तुमचे आजोबा असते तर त्यांनी सांगितली असती. बहिणीबद्दल बोलायला ते कधी थकले नाहीत.

मंदाताई पुण्याहून इथे आल्या त्या आमच्याही आधी, एकट्या. पूर्वेकडच्या एका विद्यापीठाच्या गावात हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी केली. गावाचं नाव लिहीत नाही, समितीतलं बाहेर सांगणं त्यांना आवडलं नसतं, आणि जे सांगते आहे ते ज्यांचं आहे त्या दोघांना विचारून सांगते आहे. रक्ताचे नमुने तपासताना नळीवरचं नाव वाचायचं नाही, फक्त नंबर वाचायचा, अशी शिस्त त्यांनी आपल्या टेबलापुरती घालून घेतली होती. "नाव वाचलं की डोळा आधीच काहीतरी ठरवतो," असं त्या म्हणत. त्या निवृत्त झाल्यावर मला वाटलं, आता ह्या रायस्वाइकला आमच्याजवळ येतील. आल्या नाहीत. त्याच सुमारास विद्यापीठात काही प्रकार घडला होता. गणवेशातल्या रक्षकांनी एका मुलाला वाचनालयातून ओढून बाहेर काढलं म्हणून मुलांनी निदर्शनं केली. हे रक्षक म्हणजे खरे पोलीस नव्हेत, पण अंगावर गणवेश, कमरेला वायरलेस आणि कुणाचंही ओळखपत्र मागण्याचा, इमारतीत येऊ न देण्याचा अधिकार. त्यांच्यावर लक्ष ठेवायला विद्यापीठानं गावातल्या सामान्य नागरिकांची एक समिती नेमली. अट एकच, विद्यापीठाचा पगार कधी खाल्लेला नसावा. मंदाताईंनी अर्ज केला आणि त्या निवडल्या गेल्या.

ते काम त्यांनी किती मनावर घेतलं होतं ते मी त्यांच्याकडे राहायला जायची तेव्हा बघायची. समितीच्या माणसाला कधीही, न कळवता, रक्षकांच्या खोलीत जाऊन बसायची मुभा होती. त्या जायच्या, पण तिथली कॉफी घ्यायच्या नाहीत. स्वतःच्या थर्मासात आल्याचा चहा घेऊन जायच्या आणि कोपऱ्यात बसून तो पीत सगळं ऐकायच्या. पावसात सायकल ढकलत निघाल्या आणि रक्षकांच्या गाडीनं थांबून विचारलं, तर "नको, आभारी आहे" म्हणून चालू लागायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "मंदाताई, नुसतं घरापर्यंत सोडतो म्हणाला तो. त्यात काय लाच आहे?" तर म्हणाल्या, "सुधा, उद्या त्याचीच तक्रार आली तर मी ऐकताना मला त्याच्या गाडीचा हीटर आठवेल."

तक्रार आली ती सायलीची. सायली पुण्याची, तिथे पीएचडी करत होती. दुपारच्या वेळी ती कार्ड आत विसरून प्रयोगशाळेच्या इमारतीबाहेर आली आणि दार बंद झालं. आत तिचा प्रयोग चालू होता. मदतीसाठी ती मैत्रिणीला फोन करत होती, स्पीकर चालू होता, तेवढ्यात खेरिट गस्तीवर आला. सायली मैत्रिणीला म्हणाली, "थांब गं, मामा आले." फोनमधून मैत्रीण खळखळून हसली. मग सायली खेरिटकडे वळली आणि "मामा, प्लीज, दोन मिनिटं आत जाऊ द्या," असं काहीसं इंग्रजी-मराठीत म्हणाली. आता डच भाषेत मामा म्हणजे आई. लहान मूल आईला मारतं ती हाक. खेरिट लालबुंद झाला. त्यानं तिचं नाव विचारलं, तिला आत सोडलं नाहीच, वर नियंत्रण कक्षाला सांगून तिचं कार्ड बंद करून टाकलं. कारण सांगितलं, गणवेशातल्या माणसाचा अपमान. दुसऱ्या दिवशीही कार्ड चालेना. प्रयोग वाया गेला. सायलीनं तक्रार केली की मी परदेशी आहे म्हणून मला अशी वागणूक मिळाली. मामा हा आमच्याकडे आदराचा शब्द आहे, आईच्या भावाला म्हणतात.

तक्रार खोटी ठरली तर अपमानाचा शेरा विभागात जाणार, मग कराराची मुदत वाढणार नाही, आणि करार नाही तर इथे राहायचा परवाना नाही, अशी सायलीची भीती होती. तक्रार जशीच्या तशी खरी ठरली तर खेरिटची नोकरी जाणार होती, निवृत्ती तोंडावर असताना, आणि तीही परदेशी मुलीला छळणारा माणूस म्हणून. समितीत मराठी कळणाऱ्या एकट्या मंदाताई.

मी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडेच राहत होते. त्या काही बोलत नव्हत्या, पण गावातल्या मराठी मंडळातून मला सगळं कळलेलं होतं. एका सकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "सुधा, पुण्यात पोलिसाला मामा का म्हणतात गं?"

"आदरानं," मी म्हटलं.

"सिग्नल तोडून पळताना पोरं 'मामा आले, मामा आले' करतात तो आदर?"

"बरं, प्रेमानं म्हणा."

"आणि एखाद्याला मामा बनवलं म्हणतात ते?"

"ते वेगळं हो."

"वेगळं कसं? शब्द तोच आहे."

मी जरा जोरात म्हणाले, "कॉलेजच्या शिपायालाही मामाच म्हणायचो आपण, रिक्षावाल्यालाही म्हणतो. त्यात कुणाची चेष्टा असते? तुम्हाला काय, त्या पोरीला अडकवायचंय का?"

मंदाताईंनी मेथीची काडी खाली ठेवली. "मला कुणालाच अडकवायचं नाही. पण तिनं आईचा भाऊ एवढंच लिहिलंय. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. तो माणूस म्हणतोय की माझी टिंगल झाली. मी गप्प बसले तर तो खोटा ठरतो... आणि मला तर माहीत आहे ना." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला हे कुणी सांगितलं? मी तर नाव घेतलं नव्हतं."

"अख्ख्या मंडळाला माहीत आहे, वन्सं. तुम्हीच तेवढ्या कमिटीच्या."

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी सायली घरी आली. हातात डबा होता. मंडळाच्या विद्याताईंनी कोथिंबीर वड्या देऊन तिला पाठवलं होतं. मंदाताईंनी तिला येताना खिडकीतून पाहिलं आणि त्या जिन्याकडे निघाल्याच. "मी वर जाते. तू तिला चहा दे. त्या विषयावर बोलू नकोस."

"पाहुणी दारात आणि तुम्ही माळ्यावर?"

"पाहुणी असती तर मीच चहा केला असता," म्हणाल्या आणि गेल्या.

मी दार उघडलं. सडसडीत, मोठ्या डोळ्यांची मुलगी, पावसानं केस चपटे झालेले. "काकू, मंदाआजी नाहीत?"

"आहेत, वर आहेत. पण सुनावणी होईपर्यंत त्यांना तुला भेटता येत नाही गं."

"अहो, मी काही बोलायला नाही आले. वड्या द्यायला आले."

"वड्याही नाही घेता येणार."

"वड्यांनाही बंदी?" ती हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला. ती सांगत राहिली. तिचे गाइड तिच्याशी धड बोलत नव्हते, आईला काहीच सांगितलं नव्हतं, रात्री झोप नव्हती. मग मान वर करून तिनं विचारलं, "काकू, त्या आपल्या ना?"

त्या क्षणी वरच्या खोलीत रेडिओ मोठ्यानं सुरू झाला. डच बातम्या, मग कुठलंसं बँड संगीत. डच घरांच्या लाकडी मजल्यातून खालचं सगळं वर ऐकू जातं. ते ऐकू येऊ नये म्हणून मंदाताईंनी रेडिओ लावला होता, आणि सायली जाईपर्यंत तो तसाच दणदणत होता. त्या गोंगाटात मी मुलीला एवढंच म्हणाले, "आपल्याच आहेत गं. म्हणून तर वर जाऊन बसल्यात." तिला ते पटलं नाही. डबा ती परत घेऊन गेली.

सुनावणीत काय झालं ते मला नंतर सायलीकडून कळलं, आणि पुढे काही वर्षांनी खेरिटकडून. मंदाताईंनी स्वतः होऊन कधी एक अक्षर सांगितलं नाही. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. मंदाताईंनी त्यांना आधीच कळवलं होतं की सगळं एका मराठी शब्दावर आलं आहे, दुभाषी बोलवा. मराठीचा दुभाषी मिळेना. तेव्हा त्या म्हणाल्या, मी अर्थ सांगते, पण मग ह्या प्रकरणात मत देणार नाही. जो अर्थ सांगेल त्यानं निकाल द्यायचा नाही. सदस्यांच्या रांगेतून उठून त्या टेबलाच्या टोकाला जाऊन बसल्या. एका बाजूला सायली, दुसऱ्या बाजूला खेरिट.

अध्यक्षबाईंनी विचारलं, मामा म्हणजे काय? मंदाताईंनी सगळं सांगितलं. आईचा भाऊ, ज्याच्याकडे मूल हट्टानं काहीही मागू शकतं तो. मग रस्त्यावरचा अनोळखी, वयानं मोठा, कष्टकरी माणूस. त्यालाही मान देऊन मामा म्हणतात. मग पोलीस; त्याला मामा म्हणतात तेव्हा मान असतो आणि डोळा मारलेलाही असतो. आणि शेवटी, ज्याला फसवलं, ज्याची फजिती केली, त्यालाही मामा बनवलं म्हणतात. "ह्यातला कुठला मामा तिच्या मनात होता, ते तीच सांगू शकेल. तिला विचारा."

सायली मला म्हणाली होती, "काकू, त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला ना! वाटलं, ह्यांना कुणी सांगितलं होतं ते मामा बनवायचं सांगायला?" पण सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं इंग्रजीत सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. मग ती मंदाताईंकडे बघून सरळ मराठीत बोलली, "आजी, पहिल्यांदा फोनवर म्हटलं ना, 'थांब गं, मामा आले', ती चेष्टा होती. नंतर त्यांना म्हटलं ती नव्हती. तेव्हा मी खरंच विनवत होते हो."

आता हे डचमध्ये सांगायचं होतं. मंदाताई थांबल्या. कुठलाही शब्द दुसऱ्या भाषेत नेण्याआधी त्या डोळे मिटून अंगठ्यानं खालचा ओठ दाबून धरत. घरीसुद्धा मी त्यांना तसं पुष्कळदा पाहिलं होतं. मराठीतली चेष्टा ही एकच आहे. डचमध्ये तिच्यासाठी दोन शब्द आहेत. प्लाखन म्हणजे भाऊ बहिणीची वेणी ओढतो तसली थट्टा, आणि स्पोटन म्हणजे चार लोकांत माणसाला खाली पाडणं. मंदाताईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा ते प्लाखन होतं. दुसऱ्यांदा ती विनंती होती."

मग खेरिट बोलला. तो अंगानं भरदार, आवाजानं अगदी मऊ. गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेला, खिशात मुलांच्या खरचटण्यावर लावायला पट्ट्या. तो म्हणाला, "पहिला मामा मी ऐकलाच नाही. मी दुसरा ऐकला, आणि ते हसणं." आणि मग कुणी विचारलं नसताना सांगितलं, "माझे सहकारी पाठीमागे मला मामा म्हणतात. कितीतरी वर्षं. मी सगळ्यांना स्वेटर घाला, जेवून घ्या, असं सांगत असतो म्हणून. मला वाटलं, आता विद्यार्थ्यांनाही कळलं." सायली म्हणाली, तेव्हा तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती उठून त्याच्याजवळ गेली आणि सॉरी म्हणाली, इंग्रजीत, मग डचमध्ये.

निकाल लागला तो असा. कार्डाशिवाय आत न सोडणं बरोबर होतं. कार्ड बंद करणं चूक होतं. अपमान झाला असं वाटलं म्हणून एकट्या रक्षकानं उभ्या उभ्या कुणाचं कार्ड बंद करायचं नाही, आणि नियंत्रण कक्षानंही कारण तपासल्याशिवाय ते करायचं नव्हतं. परदेशी म्हणून छळ केला असं दिसत नाही. सायलीचं कार्ड चालू झालं, शेरा कुठे गेला नाही. खेरिटची नोकरी राहिली. आणि त्या विद्यापीठात आता कुणाही एका रक्षकाला एकट्यानं कार्ड बंद करता येत नाही.

मंडळाचा निकाल मात्र वेगळा लागला. "पोरगी वाचली ती स्वतःच्या नशिबानं," विद्याताई मला दुकानात भेटल्या तेव्हा म्हणाल्या. "तुमच्या मंदाताईंनी तर गोऱ्यांसमोर आपल्या शब्दाची लाज काढली. मामा बनवणं सांगायची काय गरज होती हो?" दरवर्षी गणपतीला मंडळाचे उकडीचे मोदक मंदाताई करायच्या. त्या वर्षी निरोप आला, "यंदा आम्ही ऑर्डर देतोय, तुम्हाला उगाच त्रास नको." फोन ठेवून मंदाताई म्हणाल्या, "बरं झालं, पाय दुखतात माझे." मग दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी उकड काढलीच, नारळ खवला, नेहमीएवढेच मोदक केले. आम्ही दोघींनी ते पुढचे कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा वाफवून खाल्ले. शेवटी मी म्हटलं, "वन्सं, आता माझ्याच नाकाची सोंड होईल." त्या खूप हसल्या. त्यानंतर मात्र त्यांनी मोदकांचं नाव काढलं नाही, आणि गणपतीच्या दिवसांत त्या रायस्वाइकला माझ्याकडे येऊन राहू लागल्या.

खेरिट सुपरमार्केटमध्ये भेटला तर त्या नुसती मान हलवायच्या. तो पुढे निवृत्त झाला तरी ह्या समितीवर होत्याच, आणि म्हणून त्याची गाडी थांबली तरी ह्यांचं "नको, आभारी आहे" ठरलेलं. मागच्या वर्षी ह्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं. मंदाताईंनी समितीचा राजीनामा दिला आणि त्याच दुपारी खेरिटला स्वतः फोन केला. मी समोर बसले होते. "मी मंदा. आजपासून मी कमिटीवर नाही. आता तुम्ही मला गाडीतून नेऊ शकता." पलीकडून त्याचा तो मऊ आवाज आला, "मेफ्राउ, मी किती वर्षं वाट बघतोय!" तेव्हापासून हॉस्पिटलच्या सगळ्या फेऱ्या त्यानंच केल्या. अट एकच घातली होती त्यांनी, गाडीत कमिटीचं काही बोलायचं नाही.

शेवटची भेट रविवारची. मी ट्रेननं गेले होते. खिचडी झाली, पापड झाले, आणि मी निघायच्या बेतात असताना त्यांनी विचारलं, "सुधा, तू आयुष्यभर इंग्रजी शिकवलंस. चेष्टा म्हणजे प्लाखन की स्पोटन?"

मला लगेच कळलं त्या कशाबद्दल विचारताहेत. म्हटलं, "ज्याची त्याची चेष्टा. करणारा कोण त्यावर आहे."

"तसं सांगायला मला वेळ नव्हता. एकच शब्द द्यायचा होता. मी सौम्य दिला." मग म्हणाल्या, "ती आपली पोर होती म्हणून दिला का मी? नाव वाचून?"

"मीही तोच दिला असता."

"तू तर पहिल्यापासून तिच्याच बाजूची. तुझं काय घेऊन बसायचं!" म्हणून हसल्या, पण हसण्यात जीव नव्हता. मंडळानं इतकी वर्षं त्यांना आपल्या माणसांना न मानणारी म्हणून बाजूला ठेवलं, आणि त्याच वर्षांत त्या, आपण आपल्याच माणसाकडे झुकलो की काय ह्या शंकेनं पोखरून निघाल्या होत्या. दारातून हात हलवला त्यांनी. बुधवारी खेरिटचा फोन आला.

अंत्यसंस्काराला इथल्या पद्धतीनं शेवटी कॉफी आणि केक होता. सायली आली होती. आता ती बेस्ट नावाच्या गावात राहते, तिकडे नोकरी करते. विद्याताईही आल्या, मागे उभ्या राहिल्या, जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "मोदक त्यांच्यासारखे कुणाला जमले नाहीत." न्यायाधीश बाई होत्या, गणवेशातले दोन रक्षक होते. खेरिट कोपऱ्यात एकटा उभा होता. सायली त्याच्याकडे कप घेऊन गेली आणि त्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मामा, कॉफी." रक्षकांपैकी एकानं चमकून वर पाहिलं. खेरिटनं कप घेतला.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि मला राहवलं नाही. माझ्या तोडक्या डचमध्ये मी विचारलं, त्या दिवशी माझ्या नणंदेनं प्लाखन म्हटलं, ते तुम्हाला बरोबर वाटलं होतं का?

त्यानं जराही विचार केला नाही. "नाही. मी ते हसणं ऐकलं होतं, मेफ्राउ. ते स्पोटन होतं." मग माझं तोंड उतरलेलं बघून सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मुलीला त्या सांभाळून घेत आहेत, हे मला तेव्हाच कळलं. पण त्याआधी त्यांनी मामाचे सगळे अर्थ सांगितले होते. माझ्या बाजूचेसुद्धा. ते त्या लपवू शकल्या असत्या, मला कधीच कळलं नसतं. मग मी म्हटलं... एक शब्द मुलीला मिळाला तर मिळू दे."

"हे तुम्ही त्यांना का नाही सांगितलंत? इतके महिने गाडीत शेजारी बसत होतात!"

खेरिटनं माझ्याकडे नवल वाटून पाहिलं. "गाडीत कमिटीचं बोलायचं नाही, असं ठरलं होतं ना."

ईशान, रेवा, हे सगळं मी तुम्हाला मराठीत लिहिते आहे. बाबा वाचून दाखवतील, आणि मध्ये मध्ये अडतील. अडू द्या त्यांना. मागच्या रविवारी आपण व्हिडिओवर बोलत होतो तेव्हा, ईशान, तू सांगितलंस की शाळेत मुलं तुझ्या डब्यावरून काहीतरी म्हणाली, आणि विचारलंस, "आजी, इज दॅट बुलिइंग?" मी लगेच काहीतरी सांगणार होते. पण सांगितलं नाही. डोळे मिटले, आणि अंगठा ओठावर कधी गेला ते मलाही कळलं नाही. पडद्यावरून तुझा आवाज आला, "आजी? आजी, यू आर फ्रोझन!" आणि रेवा ओरडली, "बाबा, आजीचं नेट गेलं!"

नेट गेलं नव्हतं. मी शब्द बघत होते.